हंगामी कर्मचारी, ऑडिटर आणि सपोर्ट इंजिनिअर : क्लाउड सॉफ्टवेअरचा प्रवेश गरजेपुरता आणि मुदतीपुरता कसा द्यावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या समूहाचे मुख्य कार्यालय मडगावात असून कोलवा आणि कळंगुट येथे हॉटेले आहेत. हिशेब, बुकिंग आणि ई-मेल व फायली ही तिन्ही कामे आता क्लाउडवरील सॉफ्टवेअरवर चालतात. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात रिसेप्शनवर तात्पुरती माणसे येतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑडिटरांकडील माणसे येऊन बसतात आणि वर्षभरात केव्हाही सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्ट इंजिनिअर प्रवेश मागतो. या सर्वांसाठी ‘टेम्प’ नावाचे एकच लॉगिन आहे, त्याचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला जातो, आणि काम संपल्यावर तो बदलायचे ठरलेले असले तरी दर वेळी बदलला जातोच असे नाही. याला सुरक्षित पर्याय कोणता, आणि दोन माणसांच्या आयटी विभागाला तो पेलेल का, असे आपण विचारले आहे.

तो निश्चित पेलेल. ज्यांच्याकडे आयटीची दोनच माणसे आहेत त्यांना तर अशा व्यवस्थेची अधिक गरज असते, कारण जुनी खाती शोधून बंद करत बसण्याइतका वेळ त्यांच्याकडे कधीच नसतो. सगळ्या व्यवस्थेचा कणा एकच आहे : ज्या क्षणी प्रवेश दिला जातो त्याच क्षणी तो केव्हा संपणार हेही सॉफ्टवेअरमध्ये नोंदले गेले पाहिजे, आणि ती वेळ आली की कोणाला आठवो वा न आठवो, प्रवेश आपोआप बंद झाला पाहिजे. आपल्या हॉटेलांत पाहुण्याला दिले जाणारे की-कार्ड चेक-आउटच्या वेळेपर्यंतच चालते. पाहुणा ते खिशात घालून विमानतळावर गेला तरी रिसेप्शनवर कोणाला काळजी वाटत नाही. क्लाउडवरील तात्पुरत्या प्रवेशाचे वागणे नेमके असे हवे.

सामायिक लॉगिनविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण बहुतेक ठिकाणी त्याकडे केवळ पासवर्ड फुटण्याचा धोका म्हणून पाहिले जाते. त्याहून मोठे नुकसान नोंदींचे होते. समजा, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका विक्रेत्याच्या व्हाउचरची रक्कम रात्री पावणेबारा वाजता बदलली गेली आहे असे लक्षात आले. सॉफ्टवेअरचा एडिट लॉग उघडला, तर जुनी रक्कम दिसते, नवी रक्कम दिसते, वेळ दिसते आणि बदल करणाऱ्याच्या जागी ‘टेम्प’ दिसते. त्या दिवशी तो पासवर्ड ऑडिटरकडील मुलांकडे होता, आदल्या आठवड्यात सपोर्टला दिलेला होता आणि मे महिन्यात काम सोडून गेलेल्या रिसेप्शनिस्टच्या फोनमध्येही तो अजून असणार. म्हणजे नोंद आहे, पण तिच्यावरून कोणालाही विचारता येत नाही आणि कोणाला निर्दोषही ठरवता येत नाही. माझ्या मते यात खरा अन्याय होतो तो प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसावर, कारण संशय सर्वांवर सारखाच येतो.

आपला समूह कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर हा प्रश्न कायद्याचाही आहे. कंपनी (लेखा) नियम, २०१४ मधील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल राहतो, केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद होते आणि ही नोंद बंद करता येत नाही. ती व्यवस्था वर्षभर चालू होती का, यावर ऑडिटरला आपल्या अहवालात भाष्य करावे लागते. तरीही लॉगमध्ये माणसाच्या जागी सामायिक नाव असेल, तर नियमाची अक्षरे पाळली जातात आणि हेतू मात्र निसटतो. वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही विचारा. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कंपन्यांना १९९७ पासून लागू असलेल्या तिथल्या नियमांत इलेक्ट्रॉनिक सही एकाच व्यक्तीची असावी आणि ती दुसऱ्या कोणाला कधीही देऊ नये असे स्पष्ट आहे, आणि सामायिक लॉगिन सापडणे हा तपासणीतला गंभीर शेरा समजला जातो. हॉटेल व्यवसायावर तसे बंधन नाही, पण ती शिस्त उचलण्यासारखी आहे.

म्हणून पहिले काम ‘टेम्प’ बंद करण्याचे. ते थेट डिलीट करू नये. आधी त्याचा पासवर्ड बदलून लॉगिन रोखावे आणि काही दिवस काय थांबते ते पाहावे, कारण अशा जुन्या खात्यावर बहुधा एखादा रात्रीचा आपोआप जाणारा रिपोर्ट, बुकिंग पोर्टलची जोडणी किंवा बॅकअप चालू असतो, आणि तो कोणी लावला हे कोणालाच आठवत नसते. त्या जोडण्या स्वतंत्र, फक्त त्या कामापुरत्या खात्यांवर हलवाव्यात आणि मगच जुने खाते कायमचे निष्क्रिय करावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या खात्याने केलेल्या जुन्या नोंदी असतील, तर खाते पुसण्यापेक्षा निष्क्रिय ठेवणेच योग्य.

आता गरज कशी ठरवायची, याकडे वळतो. माझ्या अनुभवात सगळी व्यवस्था इथेच टिकते किंवा ढासळते. ‘ऑडिटसाठी अकाउंट्सचा ॲक्सेस द्यावा’ अशी विनंती आली की आयटीतला माणूस सर्वांत सोपा रोल (म्हणजे अधिकारांचा संच) निवडतो, आणि सर्वांत सोपा रोल बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो. विनंती कामाच्या भाषेत लिहून घ्यावी. ऑडिटरच्या सहायकासाठी ती साधारण अशी असेल : आर्थिक वर्ष २०२५-२६ चे लेजर, खरेदी-विक्रीची रजिस्टरे, बँक रिकन्सिलिएशन आणि जीएसटीचा ताळमेळ पाहणे, कोणतीही नोंद करणे किंवा बदलणे नाही, पगारपत्रक आणि पाहुण्यांची वैयक्तिक माहिती नाही, कालावधी १ ते २५ सप्टेंबर, विनंती करणारे लेखा विभागप्रमुख, प्रवेश घेणाऱ्याचे पूर्ण नाव आणि ऑडिट फर्मच्या डोमेनवरील त्याचा स्वतःचा ई-मेल. एवढे लिहिले की कोणता रोल द्यायचा हा प्रश्न जवळजवळ सुटतो. तयार रोल त्यात बसत नसेल तर नवा रोल बनवावा. झोहो बुक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवा तसा रोल बनवता येतो. त्यातच व्यवहार लॉक करण्याची सोयही आहे : बंद झालेल्या महिन्यांच्या नोंदी ठरावीक तारखेपर्यंत लॉक केल्या की उद्या एखाद्याला चुकून जास्त अधिकार गेला तरी मागचे महिने सहज हलत नाहीत. प्रवेशाला मुदत घालताना मजकुरालाही कुंपण घालता येते, हे आपण विसरतो.

ऑडिट फर्मकडून तीन आर्टिकल (प्रशिक्षणार्थी सहायक) येणार असतील तर तीन खाती द्यावीत. लायसन्सचा खर्च वाढतो अशी तक्रार लगेच येईल, आणि ती खोटी नाही. सामायिक लॉगिनचा जन्मच मुळी लायसन्सच्या पैशातून झालेला असतो. पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकाचे लायसन्स काढून दुसऱ्याला देता येते. हंगामी रिसेप्शनिस्टांची लायसन्स पावसाळ्यात रिकामी पडतात आणि ऑडिटरांची गरज नेमकी तेव्हाच असते. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोघांचे काम असेल तर तीच लायसन्स फिरवता येतात. मात्र नियम वाचून घ्यावेत. उदाहरणार्थ, गूगल वर्कस्पेसमध्ये खाते केवळ सस्पेंड केले तर त्याचे पैसे चालूच राहतात.

पाहण्याचा अधिकार आणि एक्सपोर्टचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. ज्याला सगळे लेजर किंवा पाहुण्यांची संपूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते, त्याच्या प्रवेशाला घातलेल्या मुदतीचा अर्थ फार उरत नाही. प्रवेश २५ तारखेला संपतो आणि फाइल त्याच्या लॅपटॉपवर पुढची कित्येक वर्षे राहते. ऑडिटरला एक्सपोर्ट लागतो, हे खरे आहे, कारण तपासणी एक्सेलमध्येच होते. तिथे तो द्यावा, पण कोणत्या रजिस्टरांचा ते ठरवून द्यावा आणि एक्सपोर्टची नोंद लॉगमध्ये राहते का ते तपासावे. रिसेप्शनवरील हंगामी माणसाला पाहुण्यांची यादी एक्सपोर्ट करण्याची कधीच गरज नसते. त्याला चेक-इन, चेक-आउट, फोलिओवर, म्हणजे पाहुण्याच्या बिल-खात्यावर, रक्कम चढवणे आणि परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवण्याच्या फॉर्मसाठी पासपोर्टची माहिती भरणे एवढे लागते. दर बदलणे, नाइट ऑडिटनंतर (दिवसाचा हिशेब रात्री बंद झाल्यावर) बिल व्हॉइड, म्हणजे रद्द, करणे आणि जुन्या पाहुण्यांचे पासपोर्ट स्कॅन पुन्हा उघडणे हे ड्युटी मॅनेजरकडे राहावे. पासपोर्टची प्रत ही आपल्याकडे असलेली बहुधा सर्वांत नाजूक माहिती आहे आणि ती नव्या मुलाच्या स्क्रीनवर सहज उघडते, याकडे मालकांचे लक्ष फारसे जात नाही.

मुदत किती असावी, याला एकच आकडा नाही. तिचे माप काम ठरवते. हंगामी कर्मचाऱ्यासाठी कराराची शेवटची तारीख हीच मुदत. ‘हंगाम संपेपर्यंत’ असे लिहू नये, कारण हंगाम कधी संपतो यावर दोन मॅनेजरांचेही एकमत होत नाही. ऑडिटसाठी आठवडे, सपोर्टसाठी तास. अनेक कार्यालयांत सर्वांना सरसकट तीस दिवस देण्याची पद्धत असते. ती सोयीची आहे, पण दोन तासांच्या कामाला तीस दिवस दिले की उरलेले दिवस प्रवेश विनाकारण उघडा राहतो. मुदत वाढवायची असेल तर ती नव्या विनंतीने, नव्या कारणासह आणि पुन्हा मंजुरी घेऊनच वाढवावी. कर लेखापरीक्षणाची तारीख सरकारने पुढे ढकलली की ऑडिटरांची मुदतवाढ मागितली जाईलच. तिला हरकत नाही, पण ती मागितली जावी, आपोआप लागू होऊ नये. एक बारीक गोष्ट : काही क्लाउड सेवा मुदतीची वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) घेतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री प्रवेश संपावा असे वाटत असेल तर तिथे ३० सप्टेंबर, संध्याकाळचे साडेसहा असे भरावे लागते. रात्रीचे बारा भरले तर प्रवेश १ ऑक्टोबरच्या पहाटे साडेपाचपर्यंत राहतो.

साधनांचे पाहू. गूगल वर्कस्पेसच्या व्यावसायिक खात्यांत ड्राइव्हवरील फाइल एखाद्याला शेअर करताना तिथेच मुदतीची तारीख घालता येते. ऑडिटरला कागदपत्रे देण्यासाठी हे पुरेसे आहे आणि त्याला वेगळे खाते लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडी या खाती सांभाळणाऱ्या सेवेमध्ये, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणत त्यात, वरच्या दर्जाच्या लायसन्ससह अशी सोय मिळते की माणूस मोठ्या अधिकारासाठी केवळ पात्र राहतो, तो अधिकार त्याच्याकडे कायम नसतो. गरज पडली की त्याने कारण लिहून तो जागा करायचा. हवी तर त्यावर मंजुरी लावता येते, आणि तो ठरावीक तासांनी, जास्तीत जास्त चोवीस तासांनी, आपोआप उतरतो. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेत रोल घेऊन मिळणारी तात्पुरती ओळख मुळातच पंधरा मिनिटे ते बारा तास एवढ्यापुरती असते आणि काही वेगळे सांगितले नाही तर एक तासाने संपते. उलट तिथल्या युजरला दिलेल्या ॲक्सेस कीला (पासवर्डसारख्या सांकेतिक किल्लीला) स्वतःहून कोणतीही मुदत नसते. म्हणून बाहेरच्या माणसाला अशी की कधीच देऊ नये.

आपली खरी अडचण हॉटेलच्या बुकिंग सॉफ्टवेअरची असणार. अनेक लहान-मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये युजरला शेवटची तारीख घालण्याचा रकानाच नसतो. ते सॉफ्टवेअर सिंगल साइन-ऑन (एकाच मुख्य खात्याने अनेक सॉफ्टवेअरमध्ये शिरण्याची सोय) देत असेल, तर तात्पुरत्या माणसाचे खाते आपल्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या यादीत काढावे, मुदत तिथे सांभाळावी आणि बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये थेट पासवर्डने शिरण्याची वाट बंद करावी. हे शेवटचे पाऊल बऱ्याचदा राहून जाते. मुख्य खाते बंद झाले तरी सॉफ्टवेअरचा जुना, वेगळा पासवर्ड चालूच असतो आणि माणूस त्या बाजूने आत येऊ शकतो. सिंगल साइन-ऑनही नसेल तर मात्र माणसाकडेच जावे लागते : एका सामायिक शीटमध्ये नाव, काम, रोल, मंजुरी देणारा आणि शेवटची तारीख लिहावी, तीच तारीख दोन वेगळ्या व्यक्तींच्या कॅलेंडरवर घालावी, आणि बंद केल्याची नोंद ज्याने बंद केले त्याने नव्हे, दुसऱ्याने पाहून करावी. ही व्यवस्था कमकुवत आहे, हे मान्य करून ती चालवावी आणि खात्यांची संख्या कमी ठेवावी.

तात्पुरत्या माणसालाही दोन टप्प्यांची पडताळणी त्याच्या स्वतःच्या फोनवर लावून द्यावी. आपल्याकडे एक सवय सर्रास दिसते : ओटीपी मालकाच्या किंवा मुख्य लेखापालाच्या मोबाइलवर येतो आणि तो फोनवरून विचारून घेतला जातो. अशा वेळी ओटीपीचा उपयोग शून्य होतो, आणि फोनवर ओटीपी सांगण्याची सवय लागलेला माणूस उद्या ठकालाही तो सांगतो. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा-सेवेच्या अनेक ग्राहकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा तपासात दिसले की चोरलेल्या पासवर्डनेच आत शिरकाव झाला होता, त्या खात्यांवर दुसरा टप्पा लावलेला नव्हता आणि काही पासवर्ड तर कित्येक वर्षांपूर्वी चोरलेले असूनही बदलले गेले नव्हते. मुदत घातलेली असती, तर त्यांतले बरेच पासवर्ड चोरांच्या हाती निरुपयोगी ठरले असते.

सपोर्ट इंजिनिअरच्या बाबतीत माझा सल्ला थोडा कडक आहे. तक्रार क्रमांकाशिवाय प्रवेश देऊ नये. तक्रार बंद झाली की प्रवेशही बंद. शक्य असेल तिथे खाते न देता आपल्या माणसाने स्क्रीन शेअर करून समोर बसावे आणि इंजिनिअरने सांगावे, आपल्या माणसाने करावे. तेवढ्याने भागत नसेल तर त्याच्या नावाचे खाते काही तासांसाठी द्यावे, ॲडमिनचा रोल द्यावा लागला तर त्या वेळेतला लॉग त्याच दिवशी पाहावा. समोरून ‘आमच्या कंपनीची पद्धत आहे, कायमचे ॲडमिन खाते लागते’ असे सांगितले जाईल. ती त्यांची सोय आहे. त्यांच्याकडील एखाद्या कर्मचाऱ्याने नोकरी सोडली तर त्यांनी आपल्याला कळवावे, अशी अट करारात नसेल, तर ते खाते आज कोणाच्या हातात आहे हे आपल्याला कळण्याचा मार्गच नाही.

मंजुरी कोणी द्यावी? माहिती ज्याच्या कामाची आहे त्याने. हिशेबाच्या प्रवेशाला लेखा विभागप्रमुख, बुकिंगच्या प्रवेशाला हॉटेलचा मॅनेजर. आयटीने फक्त अंमल करावा. मागणारा आणि मंजूर करणारा एकच असू नये. आणि प्रत्येक मंजुरी देणाऱ्याला नावानिशी एक पर्यायी व्यक्ती असावी. गोव्यात हे विशेष लिहावे लागते, कारण ऑडिटची घाई आणि चवथ (गणेशचतुर्थी) साधारण एकाच सुमारास येतात. लेखा विभागप्रमुख पाच दिवस पेडण्याला किंवा काणकोणला आपल्या मूळ घरी गेलेले असतात, घरात आरती चालू असते, फोन उचलला जात नाही, आणि कार्यालयात बसलेला ऑडिटर वाट पाहत असतो. नियम मोडला जातो तो नेमका अशा दुपारी : कोणीतरी आपला स्वतःचा पासवर्ड देऊन टाकतो. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसते. त्याला काम अडू द्यायचे नसते. म्हणून व्यवस्था कडक करताना ती जलदही असली पाहिजे. साध्या, केवळ पाहण्याच्या प्रवेशाला अर्ध्या तासात मंजुरी मिळत नसेल, तर लोक आडवाट काढणारच, आणि तो दोष लोकांचा मानू नये.

सुट्टीवर गेलेल्याचे काम दुसऱ्याकडे सोपवताना हाच विचार लावावा. रजेच्या तारखा हीच वाढीव अधिकाराची मुदत. कायम कर्मचाऱ्यांकडे अशा बदली कामांतून अधिकार साचत जातात आणि दहा वर्षे नोकरी झालेल्या माणसाकडे खरेदी नोंदवण्याचा, मंजूर करण्याचा आणि पैसे देण्याचा असे तिन्ही अधिकार एकत्र आलेले दिसतात. बाहेरच्यांकडे बोट दाखवण्याआधी ही यादी एकदा काढून पाहावी.

मुदत संपल्यानंतर काय उरते, हा भाग लोक गृहीत धरतात, आणि तिथेच सर्वांत जास्त गळती असते. खाते बंद केले म्हणजे उघडे सेशन, म्हणजे आधीच चालू असलेले लॉगिन, लगेच तुटेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेवांत आधीच मिळालेले टोकन (लॉगिनचा डिजिटल परवाना) साधारण तासभर ते दीड तास चालू राहू शकते. म्हणून वादातून काम सोडलेल्या माणसाच्या बाबतीत खाते रोखण्याबरोबर सेशन रद्द करण्याचा पर्यायही वापरावा लागतो. त्या माणसाने बनवलेल्या एपीआय की (एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात शिरू देणाऱ्या किल्ल्या), त्याने आपल्या खात्याला जोडलेली बाहेरची ॲप, ‘लिंक असलेला कोणीही पाहू शकेल’ अशा शेअर लिंक, मेल पुढे पाठवण्याचे नियम, या सगळ्यांचे आयुष्य खात्याहून वेगळे असू शकते. उत्तर गोव्यातील एका हॉटेलात मी पाहिलेली गोष्ट अशी : हंगामासाठी घेतलेल्या रेव्हेन्यू मॅनेजरने (खोल्यांचे दर ठरवणाऱ्याने) रोज सकाळी सहा वाजता आगाऊ बुकिंगचा रिपोर्ट आपल्या खासगी जीमेलवर जाईल अशी सोय करून घेतली होती. तो गेला, त्याचे खाते वेळेवर आणि नियमाप्रमाणे बंद झाले, आणि रिपोर्ट मात्र पुढच्या हंगामापर्यंत रोज जात राहिला, कारण तो खात्यातून नव्हे, हॉटेलच्या रिपोर्ट-यादीतून निघत होता. त्यात पाहुण्यांची नावे, फोन क्रमांक आणि प्रत्येक खोलीचा दर असे. बंद करण्याच्या यादीत ‘आपोआप जाणारे रिपोर्ट’ ही ओळ तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी घालायला सांगतो.

रिपोर्टांचे महत्त्व मोठ्या कंपन्यांनाही उशिरा कळलेले आहे. अमेरिकेतील कॅश ॲप या पैसे पाठवण्याच्या सेवेत डिसेंबर २०२१ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याने नोकरी सुटल्यानंतर ग्राहकांचे रिपोर्ट उतरवून घेतले. नोकरीत असताना ते पाहणे त्याचे कामच होते. कंपनीने सुमारे ८२ लाख आजी-माजी ग्राहकांना कळवण्याची प्रक्रिया सुरू केली. तिथे कोणी कुलूप तोडले नव्हते.

खाते पुसण्याचीही घाई करू नये. आधी त्या माणसाच्या नावावरील फायली आणि कॅलेंडर दुसऱ्याच्या नावावर करावे. गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेले खाते वीस दिवसांपर्यंत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये तीस दिवसांपर्यंत परत आणता येते. त्यानंतर हळहळ करून उपयोग नसतो.

दर महिन्याला एक दिवस ठरवून, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरून झाल्यावर साधारण २० तारखेनंतर लेखा विभागाला उसंत मिळते तेव्हा, प्रत्येक सॉफ्टवेअरमधील युजरांची यादी काढून ती पगारपत्रकाशी आणि चालू मुदतींच्या शीटशी ताडून पाहावी. ज्याचे नाव दोन्हींत नाही ते खाते त्याच दिवशी रोखावे आणि मग चौकशी करावी. हे काम आयटीतल्या माणसाने एकट्याने करू नये. मॅनेजर शेजारी बसला की ‘हा मुलगा तर गणपतीच्या आधीच गेला’ हे त्यालाच ठाऊक असते.

लॉग किती काळ ठेवायचे, हेही ठरवून टाकावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत प्रवेशावर नियंत्रण आणि लॉग एक वर्ष ठेवणे या गोष्टी सुरक्षेच्या किमान उपायांत येतात. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होत असल्या तरी पासपोर्ट आणि फोन क्रमांक सांभाळणाऱ्या हॉटेलाने थांबण्याचे कारण नाही, कारण पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीची हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवायची असल्याने त्यांचा ऑडिट ट्रेलही तेवढाच काळ जपावा.

ही सगळी मुदतीची व्यवस्था एखाद्या दिवशी आपल्यालाच बाहेर ठेवू शकते, याचीही तयारी हवी. मंजुरीची यंत्रणा बंद पडली किंवा ॲडमिनचा फोन समुद्रात पडला, तर शिरण्यासाठी दोन आणीबाणीची खाती ठेवावीत. त्यांचे पासवर्ड आणि हार्डवेअर की (लॉगिनसाठी जोडायची छोटी उपकरणे) दोन वेगळ्या ठिकाणी, सीलबंद, मालक आणि वित्तप्रमुख यांच्या ताब्यात असाव्यात. ते खाते वापरले गेले की दोघांनाही तत्काळ सूचना जावी, आणि वापरानंतर पासवर्ड बदलावा.

शेवटी, सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा विक्रेत्याला काही प्रश्न लेखी विचारावेत, कारण पैसे देण्याआधीच त्यांची उत्तरे नीट मिळतात. युजरला शेवटची तारीख घालता येते का, आणि येत नसेल तर ती सोय केव्हा देणार. सिंगल साइन-ऑन आपल्या प्लॅनमध्ये आहे की त्याचे वेगळे पैसे आहेत. एक्सपोर्टचा अधिकार पाहण्याच्या अधिकारापासून वेगळा करता येतो का. लॉगमध्ये एक्सपोर्ट आणि रोलमधील बदल दिसतात का, आणि तो लॉग आपल्याला उतरवून घेता येतो का. तुमच्या सपोर्टची माणसे आमच्या खात्यात कोणत्या वाटेने येतात आणि ते आमच्या लॉगमध्ये दिसते का. दोन सॉफ्टवेअर बाकी सर्व बाबतींत सारखी असतील, तर यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणारा विक्रेता मी निवडेन, त्याचा दर थोडा जास्त असला तरी.